नसलेल्या कर्जाची वसुली आणि सामूहिक दावा

वसुलीतला अन्याय बहुधा लहान रकमांत विखुरलेला असतो. एखाद्याकडे दोन-तीन हजारांची चुकीची मागणी होते. तिच्याविरुद्ध कोर्टात जायचे तर वकिलाची फी, कोर्ट फी आणि कामाचे खाडे मिळून खर्च मागणीच्या कितीतरी पट होतो. मग माणूस चरफडतो, कोणाकडून तरी उसने घेतो आणि पैसे भरून मोकळा होतो. मागणी करणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. तोच मजकूर आणि तीच चूक लाखो लोकांच्या बाबतीत वापरली तरी लढायला उभे राहतात ते मोजकेच, आणि त्या मोजक्यांचे येणे गुपचूप माफ करून टाकले की मूळ पद्धतीला धक्का लागत नाही. एकेकट्याच्या विजयाने वसुलीची गैरपद्धत थांबत नाही, याचे मुख्य कारण हेच आहे. सामूहिक दाव्याचा उपयोग कळतो तो इथे.

सामूहिक दाव्यात एक किंवा काही व्यक्ती स्वतःसाठी आणि आपल्यासारख्याच इतर सर्वांसाठी दावा लावतात. सर्वांना समान असलेला प्रश्न एकदाच तपासला जातो आणि निकाल सर्वांना लागू होतो. ऑस्ट्रेलियात ही सोय १९७६ च्या फेडरल कोर्ट कायद्यात पुढे घातलेल्या ‘भाग चार-अ’ मध्ये आहे. हा भाग मार्च १९९२ पासून अमलात आहे. किमान सात जणांचे दावे एकाच किंवा परस्परसंबंधित परिस्थितीतून उद्भवलेले असावेत आणि त्यांत निदान एक महत्त्वाचा मुद्दा सामाईक असावा, एवढी अट पुरते. गटात येण्यासाठी कोणाची संमती लागत नाही. वर्णनात बसणारा प्रत्येक जण आपोआप सदस्य होतो. ज्याला नको असेल त्याने ठरलेल्या मुदतीत बाहेर पडल्याचे कळवायचे. तडजोड झाली तर ती न्यायालयाने मंजूर केल्याशिवाय पक्की होत नाही, कारण जे कोर्टात हजर नाहीत त्यांचेही हक्क तिच्यामुळे संपतात.

वसुलीच्या बाबतीत ‘आपोआप सदस्य’ ही तरतूद फार मोलाची आहे. ज्यांच्यावर चुकीचे येणे लादले जाते ते बहुधा गरीब, आजारी, बेघर किंवा कागदपत्रांना घाबरणारे लोक असतात. अर्ज भरून गटात सामील व्हा असे सांगितले तर यातले बहुसंख्य कधीच येणार नाहीत.

सरासरीतून जन्मलेले येणे

या कायद्याची मोठी कसोटी ज्या प्रकरणात लागली ते ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ या नावाने ओळखले जाते. येथे कर्ज मागणारा सावकार किंवा बँक नव्हती, खुद्द केंद्र सरकार होते. बेरोजगार, विद्यार्थी, अपंग आणि आजारी माणसांची काळजी घेणारे कुटुंबीय यांना तिथे ‘सेंटरलिंक’ या सरकारी यंत्रणेकडून दर पंधरवड्याला भत्ता मिळतो. भत्त्याची रक्कम त्या त्या पंधरवड्यातील कमाईवर ठरते. कमाई वाढली की भत्ता घटतो, काम सुटले की वाढतो. जास्त भत्ता दिला गेला असेल तर तो परत मागण्याचा अधिकार सरकारला कायद्याने आहे, आणि त्यात गैर काही नाही. गैर होते ते जादा भत्ता दिला गेला हे ठरवण्याच्या रीतीत.

२०१५ च्या अर्थसंकल्पात सरकारने या वसुलीतून एक अब्ज डॉलरहून अधिक बचत दाखवली आणि २०१६ च्या मध्यापासून यंत्रणा स्वयंचलित केली. करखात्याकडे प्रत्येकाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा आकडा असतो. संगणकाने तो आकडा २६ पंधरवड्यांत समान वाटायचा, येणारी सरासरी त्या माणसाने स्वतः कळवलेल्या कमाईशी ताडून पाहायची आणि तफावत दिसली की स्पष्टीकरण मागायचे. स्पष्टीकरण आले नाही किंवा अपुरे वाटले, तर सरासरी हीच खरी कमाई धरून येणे काढायचे.

यातली चूक एका कल्पित उदाहरणावरून लगेच दिसते. एका मुलीने वर्षाचे पहिले सहा महिने नोकरी केली आणि १३ पंधरवड्यांत २६,००० डॉलर मिळवले. त्या काळात तिने भत्ता घेतला नाही. पुढे नोकरी गेली, उरलेले १३ पंधरवडे तिची कमाई शून्य होती आणि तेव्हा तिने नियमाप्रमाणे पूर्ण भत्ता घेतला. तिने काहीही लपवलेले नाही. संगणक मात्र २६,००० ला २६ ने भागतो आणि दर पंधरवड्याला १,००० डॉलर मिळत होते असे धरतो. परिणामी बेकारीच्या काळात घेतलेला भत्ता लबाडीचा दिसू लागतो. वर्षभर स्थिर पगार असलेल्या माणसाच्या बाबतीत ही सरासरी बरोबर येते. पण अशा माणसाला मुळात भत्ता लागतच नाही. भत्ता घेणारे म्हणजे हंगामी कामगार, अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी, काम मिळत-सुटत राहणारे लोक. सरासरी नेमकी त्यांच्यावरच उलटत होती.

पूर्वी कर्मचारी अशा तफावती स्वतः तपासत. मालकाला विचारत, नोंदी मागवत. वर्षाला सुमारे २०,००० प्रकरणे होत. स्वयंचलित व्यवस्थेत तेवढी पत्रे आठवड्याला निघू लागली. सिद्ध करण्याचा भारही उलटला. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधून आणा, नाहीतर येणे कबूल करा, अशी स्थिती झाली. मधल्या काळात कितीतरी हॉटेले आणि दुकाने बंद पडलेली, मालक निघून गेलेले. चिठ्ठ्या आणायच्या कुठून? पत्र जुन्या पत्त्यावर गेले आणि उत्तर आले नाही, तरी येणे पक्के होई. वर ‘योग्य सहकार्य केले नाही’ म्हणून दहा टक्के वसुली शुल्क लागे.

मग वसुलीचा दट्ट्या सुरू होई. चालू भत्त्यातून दर पंधरवड्याला कापून घेतले जाई. येणे खासगी वसुली कंपन्यांकडे सोपवले जाई आणि त्यांचे फोन सुरू होत. सर्वांत धक्कादायक प्रकार करपरताव्याचा होता. करखात्याकडून मिळणारी परताव्याची रक्कम माणसाच्या खात्यात येण्याआधीच सरकार येण्यापोटी वळती करून घेई. अनेकांना आपल्यावर काही येणे आहे हे कळले ते परतावा नाहीसा झाल्यावर. दिवाणी कोर्टात सावकाराला जप्तीपर्यंत जायचे तर आधी हुकूमनामा मिळवावा लागतो. इथे ना सुनावणी झाली होती, ना पुरावा तपासला गेला होता.

या मागण्यांचा लोकांवर काय परिणाम झाला ते पुढे चौकशी आयोगासमोर आले. झोप उडालेली माणसे, औषधे आणि भाडे थकवून हप्ते भरणारी कुटुंबे, आपल्याला चोर ठरवले गेले या भावनेने खचलेले तरुण यांच्या साक्षी आयोगाने ऐकल्या. ज्यांच्या मुलांनी आत्महत्या केली अशा मातांनीही साक्ष दिली. येणे हा कागदावरचा आकडा असला, तरी सरकारी शिक्क्याने आलेला आकडा खोटा असेल असे सामान्य माणसाला चटकन वाटत नाही. बहुतेकांनी आधी स्वतःवरच संशय घेतला.

एकेकट्याची लढाई

हरकती सुरुवातीपासून होत्या. २०१६ च्या नाताळाच्या सुमारास पत्रांचा लोंढा वाढला तसा गदारोळ झाला. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय लोकपालांनी अहवाल दिला. लोकांना नीट माहिती दिली जात नाही, फोन लागत नाही, पत्रांची भाषा समजत नाही, असे दोष त्यात दाखवले गेले आणि सुधारणा सुचवल्या गेल्या. सरासरीवरून येणे काढणे मुळात कायदेशीर आहे का, या प्रश्नाला अहवालाने हात घातला नाही. त्यानंतर सरकार लोकपालांनी व्यवस्था तपासली असल्याचे सांगत राहिले.

त्या प्रश्नाला थेट हात घातला प्रशासकीय अपील न्यायाधिकरणातील एका सदस्याने. प्राध्यापक टेरी कार्नी सामाजिक सुरक्षा कायद्याचे जाणकार आणि या कामाचा जवळपास चार दशकांचा अनुभव असलेले होते. २०१७ मध्ये त्यांनी एकाहून अधिक प्रकरणांत स्पष्ट लिहिले की सरासरी हा पुरावा नव्हे. पंधरवड्याची खरी कमाई सिद्ध केल्याशिवाय येणे उभेच राहत नाही. असा निर्णय चूक वाटला तर सरकारने वरच्या पायरीवर अपील करायला हवे होते. तिथले निर्णय प्रसिद्ध होत आणि त्यांना वजन असे. सरकारने अपील केले नाही. पहिल्या पायरीवरचे निर्णय प्रसिद्ध होत नसत, त्यामुळे त्या एकेका माणसाचे येणे रद्द झाले आणि बाकी लाखोंना त्याचा पत्ताही लागला नाही. त्याच वर्षी कार्नी यांची मुदत संपली आणि त्यांना पुन्हा नेमले गेले नाही.

यानंतर व्हिक्टोरिया राज्याच्या विधी साहाय्य संस्थेने फेडरल कोर्टाचा रस्ता धरला. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका तरुणीच्या नावाने दावा दाखल झाला. तिच्या प्रकरणाची नव्याने तपासणी झाली आणि येणे शून्यावर आले. दाव्याचे कारणच उरले नाही. मग दुसऱ्या तरुणीचे प्रकरण पुढे केले गेले. शिक्षण घेत असताना मिळालेल्या भत्त्यापोटी तिच्याकडे सुमारे २,७५० डॉलर काढले होते आणि तिचा सुमारे १,७०० डॉलरचा करपरतावा वळता करून घेतला होता. खरे हिशेब मांडल्यावर तिच्याकडे निघत होते ते दीड डॉलरही नव्हते. सरकारने पैसे परत केले आणि या दाव्यातही आता ठरवण्यासारखे काही राहिले नाही, अशी भूमिका घेतली.

ही चाल वसुलीच्या दुनियेत जुनी आहे. तक्रारदार अडून बसला की त्याच्यापुरते मिटवायचे, म्हणजे पद्धतीच्या वैधतेवर निकाल लागत नाही. तिच्या वकिलांनी मात्र प्रकरण सोडले नाही. अडवलेल्या रकमेवरचे व्याज आणि वैधतेची घोषणा या मागण्यांवर दावा जिवंत राहिला, आणि २७ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती जेनिफर डेव्हिस यांनी सरकारच्याच संमतीने आदेश दिला. येणे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ते येणे आहे असे मानण्याजोगा पुरावाच नव्हता, म्हणून मागणी, दहा टक्के शुल्क आणि परताव्याची वळती हे तिन्ही अवैध, असे त्या आदेशात नमूद झाले. आदेश एका व्यक्तीपुरता होता. पण तो उघड होता, वरिष्ठ न्यायालयाचा होता आणि सरकारने स्वतः मान्य केलेला होता.

लाखोंचा दावा

याच सुमारास मेलबर्नच्या गॉर्डन लीगल या फर्मने सामूहिक दावा आणला. सप्टेंबर २०१९ मध्ये विरोधी पक्षाचे खासदार बिल शॉर्टन यांच्यासह त्याची घोषणा झाली आणि नोव्हेंबरमध्ये तो फेडरल कोर्टात दाखल झाला. दाखल होण्याच्या आदल्या दिवशी सरकारने केवळ सरासरीवरून येणे काढणे थांबवत असल्याचे जाहीर केले. महाअधिवक्त्यांनी सप्टेंबरमध्येच ही पद्धत कायद्यात बसत नाही असे मत सरकारला दिले होते, हे लोकांना नंतर समजले.

दाव्याची मांडणी शिकण्यासारखी आहे. पहिला आधार होता अन्यायाने झालेला लाभ. ज्या पैशावर सरकारचा हक्कच नव्हता तो त्याने घेतला, म्हणून तो परत करावा आणि वापरल्याबद्दल व्याज द्यावे. दुसरा आधार निष्काळजीपणाचा. येणे लादताना सरकारने पुरेशी काळजी घेण्याचे कर्तव्य मोडले, त्यातून झालेल्या मनस्तापाची आणि नुकसानीची भरपाई द्यावी. पहिला आधार सर्वांना सारखा लागू होत होता. पैसे घेतले की नाहीत आणि ते सरासरीवर घेतले की नाहीत, एवढेच पाहायचे होते. दुसऱ्यात अडचणी होत्या. मनस्ताप प्रत्येकाचा वेगळा, शिवाय भत्ता घेणाऱ्याप्रती सरकारचे असे कर्तव्य कायद्याने आहे का हा प्रश्न अनिर्णित होता. सरकारने ते साफ नाकारले. पुढे दावेदारांनी तिसरी मागणी जोडली: ही पद्धत बेकायदा आहे हे वरिष्ठांना माहीत असूनही ती चालवली गेली, म्हणून शिक्षेच्या स्वरूपाची भरपाई द्यावी.

दाव्याचा पहिला परिणाम निकालाच्या आधीच दिसला. २९ मे २०२० रोजी मंत्री स्टुअर्ट रॉबर्ट यांनी ४,७०,००० येणी रद्द करून ७२१ दशलक्ष डॉलर परत करण्याची घोषणा केली. जूनमध्ये पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी संसदेत दिलगिरी व्यक्त केली. खटला १६ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू व्हायचा होता. त्याच दिवशी तडजोड जाहीर झाली. सरकारने दायित्व मान्य न करता आणखी ११२ दशलक्ष डॉलर द्यायचे, परताव्याचे आणि माफीचे काम पूर्ण करायचे आणि ही येणी वैध नव्हती हे मान्य करायचे, असे ठरले.

तडजोडीला मंजुरी देताना न्यायमूर्ती बर्नार्ड मर्फी यांनी ११ जून २०२१ रोजी जो निर्णय लिहिला, तो या प्रकरणाचा सर्वांत महत्त्वाचा न्यायालयीन दस्तऐवज आहे. सुमारे ४,३३,००० लोकांवर किमान १.७६३ अब्ज डॉलरचे येणे बेकायदा लादले गेले आणि त्यातल्या सुमारे ३,८१,००० लोकांकडून ७५१ दशलक्ष डॉलर प्रत्यक्ष वसूल केले गेले, असे आकडे त्यात आहेत. सामाजिक सुरक्षेच्या व्यवस्थेतील हा लज्जास्पद अध्याय आहे, सार्वजनिक प्रशासनाचे हे प्रचंड अपयश आहे, असे त्यांनी म्हटले.

तरीही पदरात पडलेली भरपाई लहानच होती. ११२ दशलक्षांतून वकिलांचा सुमारे ८.४ दशलक्षांचा खर्च वजा जाता माणशी सरासरी तीनशे डॉलरही येत नव्हते. शेकडो सदस्यांनी लेखी हरकती पाठवल्या. आम्ही भोगलेल्या त्रासाची ही किंमत का, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायमूर्तींनी त्या हरकती सहानुभूतीने नोंदवल्या आणि तडजोड तरीही मंजूर केली. निष्काळजीपणाचा दावा कायद्याच्या दृष्टीने कच्चा होता. जाणूनबुजून केल्याचा आरोप सिद्ध करायला वरिष्ठांना खरोखर काय माहीत होते याचा पुरावा लागतो, आणि तो तेव्हा दावेदारांच्या हाती नव्हता. वरिष्ठांना ही पद्धत बेकायदा आहे हे कळायला हवे होते, असे न्यायमूर्तींनी नोंदवले; पण कळायला हवे होते आणि कळले होते यांत कायदा मोठे अंतर मानतो. रक्कम मुख्यतः व्याजाच्या स्वरूपाची राहिली ती या कारणाने. सामूहिक दाव्याची ही खरी मर्यादा आहे. घेतलेले पैसे तो उत्तम रीतीने परत मिळवून देतो, प्रत्येकाच्या वेगळ्या दुःखाची मोजदाद त्याला जमत नाही.

पुरावा आला तो चौकशी आयोगातून. २०२२ मध्ये सत्तांतर झाल्यावर ऑगस्टमध्ये क्वीन्सलँडच्या माजी मुख्य न्यायमूर्ती कॅथरीन होम्स यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. ७ जुलै २०२३ रोजी त्यांनी ५७ शिफारशींचा अहवाल दिला. सरासरीवरून येणे काढायचे तर कायदा बदलावा लागेल, असा सल्ला विभागाच्याच वकिलांनी २०१४ मध्ये, म्हणजे योजना सुरू होण्याआधी दिला होता, हे त्यात पुराव्यानिशी मांडले गेले. दाव्याच्या वेळी दडून राहिलेली कागदपत्रे आणि साक्षी आता उघड्यावर आल्या. त्यांच्या आधारे गटाच्या वकिलांनी आधीच्या तडजोडीच्या मंजुरीविरुद्ध अपिलाची वाट धरली आणि सरकारी पदाच्या जाणीवपूर्वक गैरवापराचा मुद्दा नव्याने उभा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये महान्यायवादी मिशेल रोलंड यांनी आणखी ४७५ दशलक्ष डॉलर देण्याची तडजोड जाहीर केली. तिलाही न्यायालयाच्या मंजुरीची अट होती. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक तडजोड असल्याचे तेव्हा सांगितले गेले. २०२१ मध्येच सगळे मिटले असे मानून गट पांगला असता, तर हे घडले नसते.

समन्स न बजावता मिळवलेले हुकूमनामे

खासगी वसुलीविरुद्धच्या सामूहिक दाव्याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. अमेरिकेत बँका थकलेली क्रेडिट कार्डांची येणी मूळ रकमेच्या अगदी थोड्या भागाला विकून टाकतात. विकत घेणाऱ्या कंपन्या ग्राहकाचे नाव, पत्ता आणि रक्कम एवढ्या संगणकीय यादीवर हजारोंनी दावे लावतात. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधील काही रहिवाशांनी अशा कंपन्या, त्यांचे वकील आणि समन्स बजावणारी एजन्सी या तिघांना एकत्र प्रतिवादी करून दावा लावला. आरोप असा होता की समन्स न बजावताच बजावल्याची खोटी प्रतिज्ञापत्रे दिली जातात. प्रतिवादी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा मिळतो. आणि त्याच्या जोरावर बँक खाते गोठवले जाते. एकच बजावणीदार एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी हजर असल्याच्या नोंदी पुराव्यात होत्या. येण्याची आपल्याला प्रत्यक्ष माहिती आहे, अशा मजकुराच्या प्रतिज्ञापत्रांवर एकच कर्मचारी ढिगाने सह्या करत होता.

प्रत्येकाला समन्स मिळाले की नाही हा वेगळा प्रश्न आहे, म्हणून गट होऊच शकत नाही, असा बचाव झाला. न्यायाधीश डेनी चिन यांनी २०१२ मध्ये गटाला मान्यता दिली आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. खोटी प्रतिज्ञापत्रे तयार करण्याची एकच योजना होती का, हा प्रश्न सर्वांना सामाईक होता आणि तेवढे पुरेसे ठरले. त्याच वर्षी ५९ दशलक्ष डॉलरची तडजोड झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोठ्या संख्येने एकतर्फी हुकूमनामे रद्द होण्याचा मार्ग मोकळा झाला.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी हा प्रकार जुळतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि हुकूमनामे हिसकावून जाळले आणि दंगे आसपास पसरले. त्यानंतर नेमलेल्या आयोगापुढे एकतर्फी हुकूमनाम्यांचा प्रश्न ठळकपणे आला. कुणबी कोर्टात येत नसे, कित्येकदा त्याला दाव्याची खबर नसे, आणि हुकूमनामा हाती आला की जप्ती अटळ होई. तेव्हा एकत्र येऊन कोर्टात जाण्याची वाट शेतकऱ्यांपुढे नव्हती. त्यांच्या हाती कागद जाळणे एवढेच होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला खतावरच्या आकड्यामागे जाऊन देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासायला लावले. रोबोडेटमध्ये नेमकी तीच तपासणी टाळली गेली होती.

भारतातील वाट

भारतात वसुलीबद्दलचे नियम कडक आहेत. कर्जवसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात बजावले. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये वसुली एजंटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर थकबाकीदाराला फोन करण्यास, तसेच त्याच्या नातेवाइकांना व मित्रांना त्रास देण्यास मनाई केली. मात्र तक्रार बहुधा एकेकट्याची असते आणि ती एकेकट्यापुरती निकाली निघते.

सामूहिक दाव्याच्या तरतुदी मात्र आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. बँकेची किंवा वित्तसंस्थेची सेवा त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे हितसंबंध समान आहेत हे तक्रारीतच नीट मांडावे लागते. वीस-पंचवीस जण एकत्र आले एवढ्याने ते सिद्ध होत नाही. त्यामुळे ‘एजंटाने शिवीगाळ केली’ यापेक्षा ‘सर्व कर्जदारांना अमुक शुल्क एकाच परिपत्रकाने लावले’ ही तक्रार सामूहिक स्वरूपात अधिक टिकते.

दिवाणी कोर्टात १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम ८ आहे. कोर्टाच्या परवानगीने एकाने अनेकांसाठी दावा लावायचा, इतरांना नोटिशीने किंवा संख्या मोठी असेल तर जाहीर सूचनेने कळवायचे, आणि निकाल सर्वांना बंधनकारक. तडजोड किंवा माघार या सूचनेशिवाय होऊ शकत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार सर्वांचे दाव्याचे कारण एकच असण्याची गरज नाही, हित समान असले की झाले.

वसुलीच्या संदर्भात या नियमाचा अर्थ तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या प्रकरणात ठरला. मद्रासमधील वसाहतीत ज्यांना घरे दिली होती त्यांच्याकडून मंडळाने पुढे जादा किमतीची मागणी केली आणि प्रत्येकाला वेगळी नोटीस पाठवली. एका रहिवाशाने सर्वांच्या वतीने दावा लावला. प्रत्येकाशी करार वेगळा, नोटीस वेगळी, म्हणून असा दावा चालू शकत नाही, हा मंडळाचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये फेटाळला. मागणीचा आधार एकच असल्याने सर्वांचे हित समान आहे आणि हा नियमच मुळी अनेकांचा प्रश्न एका खटल्यात सुटावा यासाठी आहे, असे न्यायालयाने म्हटले.